लसीकरण आणि आईबापांचे मन

विरार स्थानकाच्या पूर्वेस उतरून महामार्गाच्या दिशेने निघाले की जीवदानीच्या डोंगराच्या आसमंतात चंदनसार लागते. भातखाचरे, आदिवासी पाडे आणि आगरी-कोळ्यांची घरे एवढाच एके काळी ज्या गावाचा पसारा होता, त्या गावाचे नाव आज वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या एका प्रभाग समितीला मिळाले आहे. 3 जुलै 2009 रोजी ही महानगरपालिका अस्तित्वात आली; 2011 च्या जनगणनेत तिच्या हद्दीतील लोकवस्ती 12 लाख 22 हजारांच्या वर भरली; आणि 1 ऑगस्ट 2014 पासून हा सारा मुलूख ठाणे जिल्ह्यातून निघून नव्या पालघर जिल्ह्यात दाखल झाला. मुंबईत घर परवडत नाही म्हणून इकडे सरकलेले कोकणातले चाकरमानी, उत्तर प्रदेश व बिहारमधून कामासाठी आलेले मजूर, गुजराती दुकानदार आणि पिढ्यान्‌पिढ्या येथेच राहत आलेले वारली व कातकरी ह्या सर्वांची मुले आज एकाच परिसरात वाढत आहेत. मुलांच्या लसीकरणाविषयी आईबापांना काय ठाऊक असते आणि त्यांना काय वाटते, ह्या प्रश्नाचा विचार करावयाचा तर ह्याहून योग्य जागा शोधून सापडणार नाही. कारण पालकांचे जेवढे म्हणून प्रकार संभवतात तेवढे सगळे येथे हाकेच्या अंतरावर राहतात.

जाणणे आणि वाटणे ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे आरंभीच ध्यानात घेतले पाहिजे. गोवर कोणत्या सूक्ष्म जीवामुळे होतो हे जिला ठाऊक नाही अशी एखादी आई आपल्या तिन्ही मुलांचे सर्व डोस वेळच्या वेळी देऊन आणते, कारण अंगणवाडीच्या सेविकेवर तिचा विश्वास असतो. आणि जीवाणू व विषाणू ह्यांतील भेद अचूक सांगू शकणारा एखादा पदवीधर बाप, भ्रमणध्वनीवर आलेल्या एका मजकुरामुळे, मुलाची टोचणी महिनोन्‌महिने पुढे ढकलतो. सरकारी दफ्तरात मात्र ह्या दोघांची नोंद ‘घेतली’ आणि ‘नाही घेतली’ अशा दोनच रकान्यांत होते. 2019 ते 2021 ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 12 ते 23 महिने वयाच्या दर शंभर बालकांपैकी सुमारे 73 बालकांचे मूलभूत लसीकरण पूर्ण झालेले आढळले. उरलेली 27 बालके म्हणजे 27 विरोधक कुटुंबे, असा अर्थ जो काढील तो फसेल. हट्टाने नकार देणारे आईबाप त्यांत थोडेच असतात. पुढचा डोस केव्हा हेच ज्यांना कोणी सांगितले नाही, मागच्या डोसानंतर आलेल्या तापाने जे धास्तावले, ठरल्या दिवशी ज्यांचे मूल आजारी होते, ज्यांनी त्या महिन्यात बिऱ्हाड हलवले, असेच लोक त्यांत बहुसंख्य असतात. नकार आणि खंड ह्या दोहोंवरचे उपाय सर्वस्वी वेगळे आहेत, आणि आपल्या इकडे उणीव आहे ती मुख्यत्वे खंडावरील उपायांची, हे ह्या प्रकरणात दाखवावयाचे आहे.

आईबापांच्या मनातील शंका आजच्या नव्हेत. एडवर्ड जेन्नरने 14 मे 1796 रोजी इंग्लंडमधील एका माळ्याच्या आठ वर्षांच्या मुलाला गोस्तन देवीची लस टोचली, आणि त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी, 14 जून 1802 रोजी, मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर ती हिंदुस्थानात प्रथमच यशस्वी झाली. बगदाद आणि बसऱ्याच्या वाटेने ती येथवर आली होती. बर्फपेटी नाही, शीतकपाट नाही, अशा त्या काळात लस जिवंत ठेवण्याचा खात्रीचा मार्ग एकच होता: एका मुलाच्या दंडावर फोड आला की आठव्या दिवसाच्या सुमारास त्यातील द्रव काढून दुसऱ्या मुलाला टोचावयाचा, आणि त्याच्यापासून तिसऱ्याला. ह्या रीतीत आपल्या मुलाला टोचून घेण्यास राजी असलेले आईबापसुद्धा एका ठिकाणी अडून बसत. आठवड्याने लस टोचणारा ‘देवी डॉक्टर’ परत येई आणि त्याच मुलाचा दंड पुन्हा उघडून त्यातील द्रव दुसऱ्यासाठी मागे. मुलाला दुहेरी यातना का द्यावयाच्या, परक्याच्या अंगातील पू आपल्या मुलाच्या अंगात का घालावयाचा, तो कोणत्या जातीच्या मुलाचा आहे, आणि त्याच्या अंगातील दुसरा एखादा रोग त्यासोबत येणार नाही हे कशावरून, असे प्रश्न ते विचारीत. ह्यांतील जातीचा प्रश्न आज आपण त्याज्य मानतो. परंतु शेवटचा प्रश्न शास्त्रीयदृष्ट्याही बिनतोड होता, कारण अशा टोचणीतून उपदंशासारखे रोग संक्रांत झाल्याची उदाहरणे युरोपात घडली होती.

ह्या प्रश्नांना सरकारने दोन तऱ्हेची उत्तरे दिली. एक कायद्याचे. मुंबई शहरासाठी 1877 साली सक्तीच्या लसटोचणीचा कायदा झाला आणि 1880 साली हिंदुस्थान सरकारनेही तशा तरतुदींचा कायदा केला. दुसरे उत्तर शास्त्राचे होते, आणि माझ्या मते तेच अधिक टिकाऊ ठरले. 1869 च्या सुमारास मुंबईत डॉ. ब्लांक आणि डॉ. अनंत चंद्रोबा ह्यांनी वासरांच्या अंगावर लस वाढवून ती माणसांना टोचण्याची पद्धती हाती घेतली. भाऊ दाजी आणि आत्माराम पांडुरंग ह्यांच्यासमवेत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून 1851 साली उत्तीर्ण झालेल्या पहिल्या तुकडीतील हे अनंत चंद्रोबा आज कोणाच्या स्मरणातही नाहीत. वासरापासून लस निघू लागल्यावर एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर जाण्याचे प्रयोजन हळूहळू संपले. गोवंशाविषयीच्या भावनेमुळे काही नवे आक्षेप उत्पन्न झाले हे खरे, पण आईबापांची जुनी आणि न्याय्य तक्रार मुळातच नाहीशी झाली. कायद्याने जे दंडाची धास्ती घालून करावयाचे ठरवले, ते पद्धत बदलून बऱ्याच अंशी आपोआप साधले.

पुढे 1896 साली मुंबईत प्लेग शिरला. वाल्देमार हाफकिन ह्या शास्त्रज्ञाने भायखळ्याच्या प्रयोगशाळेत प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच सुमारास पुण्यात सोल्जर घरांत शिरून झडत्या घेत होते, माणसे ओढून विलग छावण्यांत नेत होते आणि देवघरापर्यंत बूट जात होते. 22 जून 1897 रोजी तेथील प्लेग-बंदोबस्ताचा अधिकारी रँड ह्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या त्या ह्या संतापातून. लस आणि छावणी ह्या दोन गोष्टी वस्तुतः वेगळ्या असल्या तरी रयतेच्या दृष्टीने दोहोंमागचा हात एकच होता, तेव्हा सुईविषयी संशय बळावला तर त्याचे खापर लोकांच्या अज्ञानावर फोडता येत नाही. ह्याच वातावरणात इस्माइली धर्मगुरू आगाखान ह्यांनी आपल्या अनुयायांसमोर उघडपणे लस टोचून घेतली. त्यांच्या जमातीत लसीविषयीचे भय ओसरण्यास व्याख्यानांहून ह्या एका कृतीचा उपयोग अधिक झाला. उलट 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातील मलकोवाल गावी 107 जणांना लस दिली गेली आणि त्यांपैकी एकाच बाटलीतून टोचलेले 19 जण धनुर्वाताने मरण पावले. दोष हाफकिनच्या प्रयोगशाळेवर ठेवण्यात आला आणि त्यांना पदावरून दूर करण्यात आले. ती बाटली गावात उघडताना झालेल्या निष्काळजीपणामुळे दूषित झाली असावी, हे मान्य होऊन त्यांचे नाव निष्कलंक ठरण्यास 1907 साल उजाडावे लागले. भायखळ्याहून पुढे परळला हललेल्या त्या प्रयोगशाळेस 1925 पासून हाफकिन ह्यांचे नाव आहे. लसीकरणाने काही अपाय होऊच शकत नाही असे ठासून सांगणाऱ्यांनी मलकोवालची हकिकत अवश्य वाचावी, आणि एक बाटली दूषित निघाली म्हणून लसच टाकाऊ मानणाऱ्यांनीही ती शेवटपर्यंत वाचावी.

महात्मा गांधींसारख्या थोर पुरुषाचाही देवी टोचून घेण्यास तात्त्विक विरोध होता, हे येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल. लसीविषयीचा संशय केवळ अडाण्यांचा असतो, ह्या समजुतीला ते उत्तम उत्तर आहे.

आता घरातल्या ज्ञानाकडे वळू. आपल्याकडे गोवर हा रोग कोणत्याही घराला अपरिचित नाही. मूल तापाने फणफणले, डोळे लाल झाले, नाक वाहू लागले आणि चौथ्या दिवशी कानामागून पुरळ उतरू लागला की घरातील वडीलधारी बाई निदान करते आणि ते बहुधा बरोबर असते. मग मुलाला अंधाऱ्या खोलीत निजवावयाचे, उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवावयाचा, मनुकांचे पाणी पाजावयाचे, घरात फोडणी द्यावयाची नाही आणि गोवर पुरता ‘निघू द्यावयाचा’. ह्या आचारांत विसावा आहे, पाणी आहे आणि आजारी मुलाला इतरांपासून दूर ठेवणेही आहे. तेवढ्या अंशाने हे शहाणपणच आहे. घात होतो तो पुढे, पुरळ निघत असताना औषध देऊ नये ह्या समजुतीमुळे. मुलाचा श्वास जलद चालू लागतो, फुप्फुसाचा दाह सुरू झालेला असतो, आणि घरचे लोक ‘अजून निघतोय’ म्हणून दोन दिवस थांबतात. गोवराने दगावणारी बहुतेक मुले न्यूमोनियासारख्या अशाच पुढच्या उपद्रवांनी दगावतात. कुपोषित मुलात अ जीवनसत्त्वाचा अभाव असेल तर डोळे जाण्याचाही संभव असतो, म्हणूनच नवव्या महिन्याच्या लसीबरोबर त्या जीवनसत्त्वाचा डोस पाजण्याची तजवीज केलेली आहे. शिवाय गोवराचा विषाणू शरीराच्या प्रतिकारशक्तीची स्मृतीच पुसून टाकतो, हे अलीकडच्या संशोधनातून निष्पन्न झाले आहे. पूर्वीच्या आजारांतून मुलाने जे संरक्षण कमावलेले असते त्यातील बराच भाग नाहीसा होतो आणि गोवरातून उठलेले मूल नंतर कित्येक महिने इतर रोगांना सहज बळी पडते. ‘गोवर एकदा होऊन गेलेला बरा’ असे म्हणणाऱ्या आजीला ही गोष्ट कोणी समजावून सांगितलेली नसते.

गोवर हा मनुष्यजातीला ठाऊक असलेल्या अत्यंत संसर्गजन्य रोगांपैकी एक आहे. रोगी खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत विषाणू तेथील हवेत तग धरून राहतो आणि एक रोगी साधारणतः 12 ते 18 अरक्षित माणसांना तो देऊ शकतो. म्हणून गोवर रोखावयाचा तर वस्तीतील शंभरांपैकी 95 मुलांचे दोन्ही डोस झालेले असावे लागतात. पहिला डोस नवव्या महिन्यात द्यावयाचा. त्याआधी आईकडून आलेली प्रतिकारद्रव्ये लसीलाच निष्प्रभ करतात. त्या वयात शंभरांपैकी सुमारे 85 मुलांवर लस लागू पडते, आणि उरलेल्यांना झाकण्यासाठी 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान दुसरा डोस असतो. आता ज्या वस्तीत वर्षाला एक हजार मुले जन्मतात आणि त्यांपैकी आठशे मुलांना फक्त पहिला डोस मिळतो, तिचा हिशेब करून पाहावा. आठशेंपैकी 680 मुले सुरक्षित झाली आणि 320 उघडी राहिली. दुसऱ्या वर्षी आणखी 320, तिसऱ्या वर्षी आणखी 320. तीन वर्षांत साडेनऊशेंच्या वर उघडी मुले एकाच वस्तीत साठतात आणि ह्या अवधीत रोगाचा मागमूस नसल्यामुळे सारे कसे सुरळीत चालले आहे असे सर्वांनाच वाटत राहते. टक्केवारी चांगली दिसत असताना साथ अचानक कशी उद्भवते, ह्याचे उत्तर ह्या बेरजेत आहे.

ही बेरीज 2022 साली मुंबईच्या परिसरात प्रत्यक्ष अनुभवास आली. कोरोनाच्या काळात नेहमीचे लसीकरण विस्कळीत झाले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने एकट्या 2021 साली जगभरातील सुमारे 4 कोटी बालकांचा गोवराचा एखादा तरी डोस हुकला. ऑक्टोबर 2022 मध्ये गोवंडीच्या दाट वस्तीत मुले दगावू लागली, मग भिवंडी, मालेगाव, ठाणे असे करीत साथ पसरली आणि वसई-विरारमध्येही गोवराचे रुग्ण आढळले. नऊ महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना, आधीचे डोस झालेले असोत वा नसोत, गोवर-रुबेलाचा एक जादा डोस देण्याचा निर्णय झाला. जेथे तान्ह्या मुलांतही रोग शिरला होता तेथे सहा महिन्यांपासूनच लस देण्यात आली. पथके घरोघर फिरली, मौलवींकडून आवाहने करवली गेली. साथ दारात येऊन ठेपल्यावर लसीविषयीचे मत फार लवकर बदलते, हे तेव्हा पुन्हा दिसून आले. परंतु मुलांच्या प्राणांचे मोल देऊन मिळालेला हा मतपालट आहे.

आता चंदनसारसारख्या वस्तीत लसीकरणाचा दिवस कसा असतो ते जरा जवळून पाहू. अंगणवाडीच्या खोलीत एका टेबलावर निळी व्हॅक्सिन कॅरिअरची पेटी असते, तिच्या चारी बाजूंना गोठवलेले आइसपॅक बसवलेले असतात आणि मधोमध लसींच्या कुप्या. प्रत्येक कुपीवर एक जांभळट वर्तुळ आणि त्यात एक पांढुरका चौकोन छापलेला असतो. उष्णता लागत जाईल तसतसा तो चौकोन गडद होतो, आणि त्याचा रंग वर्तुळाशी मिळाला की ती कुपी बाद समजावयाची. गोवर-रुबेलाची भुकटी एकदा द्रवात कालवली की चार तासांत संपवावी लागते, नाही तर फेकून द्यावी लागते. सिरिंज अशी की एकदा दट्ट्या तळाला गेला की पुन्हा वर ओढला जात नाही, त्यामुळे ती दुसऱ्या मुलाला वापरली जाण्याची धास्तीच नको. हे सर्व टेबलावर उघडे मांडलेले असते आणि रांगेतील एकाही आईला ते माहीत नसते. दोन वाक्यांत सांगता येण्याजोगी ही गोष्ट आहे. ‘माझ्या मुलाला दिली ती लस खराब तर नव्हती ना’ ही शंका मनात घेऊन घरी जाणाऱ्या बाईला तो चौकोन बोटाने दाखवला, तर तिच्या मनातील बराच भार हलका होईल.

रांगेतल्या आजीबाईचा प्रश्न मात्र वेगळाच असतो. “ताई, मागच्या वेळेला पोराच्या मांडीला गाठ आली. दोन रात्री झोपलं नाही. आता परत तिथंच टोचणार का?” परिचारिका घाईत असेल तर म्हणते, “काही होत नाही, मावशी, धरा पोराला.” आणि जिला आपले काम कळले आहे ती म्हणते, “होय मावशी, आजही ताप येईल. उद्या सकाळपर्यंत राहील. हे औषध सांगते तेवढंच द्या, अंगावरचं दूध चालू ठेवा, गाठीवर हळद लावू नका, चोळू नका. परवापर्यंत ताप उतरला नाही तर आशाताईला सांगा.” ह्या दोन उत्तरांत मला सगळ्या लसीकरण-कार्यक्रमाचे यशापयश सामावलेले दिसते. ‘काही होत नाही’ म्हणून सांगितले आणि रात्री मूल तापले की ती घरची मंडळी परिचारिकेला खोटी ठरवतात, आणि पुढच्या महिन्यात त्या घराचे दार उघडत नाही. ताप येईल असे आधी सांगितलेले असले म्हणजे तोच ताप तिच्या शब्दाची साक्ष ठरतो. परिचारिकांना प्रशिक्षणात प्रत्येक पालकाला चार गोष्टी सांगण्यास शिकवलेले असते: आज कोणती लस दिली व ती कोणत्या रोगावर, तिचा त्रास काय होईल व तो झाल्यास काय करावे, पुढच्या वेळी केव्हा यावे, आणि कार्ड जपून ठेवून येताना आणावे. टोचल्यानंतर मुलाला अर्धा तास तेथेच बसवून ठेवण्याचाही नियम आहे. शंभर मुले, एक परिचारिका आणि दुपारपर्यंतचा वेळ असा मेळ असेल तेथे ह्या चार गोष्टी प्रथम गळतात, कारण नोंदवहीत त्यांच्यासाठी रकाना नाही.

ताप येणे ही मजुराच्या घरात वैद्यकीय बाब असते तितकीच आर्थिकही असते, हे मध्यमवर्गीय उपदेशकांच्या लक्षात येत नाही. बाप पहाटेच्या लोकलने कामावर जातो, आई चार घरची धुणीभांडी करते किंवा कारखान्यात रोजंदारीवर जाते. मूल रात्रभर रडले तर दुसऱ्या दिवशी तिला घरी राहावे लागते आणि त्या दिवसाची मजुरी बुडते. तेव्हा ‘पुढच्या महिन्यात बघू’ असे जेव्हा ती म्हणते तेव्हा लसीवर तिचा अविश्वास असतो असे नाही. दीड-दोन दिवसांच्या मजुरीचा हिशेब तिने केलेला असतो. ह्यावर व्याख्यान हा उपाय नव्हे. सुटीच्या आदल्या दिवशी किंवा संध्याकाळी लस मिळण्याची सोय केली, तर तिचा निर्णय त्या एका सोयीनेच फिरेल.

ह्याच चंदनसारच्या नव्या इमारतींत राहणाऱ्या पालकांची शंका निराळी. त्यांना वाटते की सरकारी लस फुकट मिळते म्हणून ती हलकी असणार आणि खाजगी दवाखान्यातील महाग, ‘पेनलेस’ लस उच्च प्रतीची. वस्तुस्थिती पाहण्यासारखी आहे. डांग्या खोकल्याच्या सरकारी लसीत त्या जीवाणूचा मृत पण संपूर्ण देह असतो, म्हणून शरीर तिला जोराने प्रत्युत्तर देते आणि ताप येतो. ‘पेनलेस’ म्हणून विकल्या जाणाऱ्या लसीत त्याचे निवडक अंश असतात, म्हणून ताप कमी येतो, परंतु तिने दिलेले संरक्षण लवकर ओसरते, असे अमेरिकेतील साथींच्या अभ्यासातून दिसून आले. कमी त्रासासाठी पैसे मोजण्यात काही गैर नाही, फक्त आपण नेमके काय विकत घेत आहोत हे त्या बापाला ठाऊक असावे.

आणि मग दूरच्या देशांतून आलेली भीती. 1998 साली अँड्र्यू वेकफील्ड नावाच्या इंग्रज डॉक्टरने ‘लॅन्सेट’ ह्या मान्यवर नियतकालिकात अवघ्या 12 मुलांच्या निरीक्षणावरून गोवराच्या लसीचा स्वमग्नतेशी संबंध सूचित केला. 2010 साली तो लेख नियतकालिकाने मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफील्डचे नाव डॉक्टरांच्या पटावरून कमी झाले. 2019 साली डेन्मार्कमधील साडेसहा लाखांहून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लस घेतलेल्या मुलांत न घेतलेल्यांपेक्षा स्वमग्नतेचे प्रमाण अधिक आढळले नाही. तरीही भीती टिकते, कारण तिच्या मुळाशी एक खरे दुःख आहे. मूल नावाला ओ देत नाही, नजर देत नाही, हे आईच्या ध्यानात बहुधा दुसऱ्या वर्षात येते आणि दुसरा डोसही त्याच काळात असतो. एकामागून एक आलेल्या दोन घटनांची सांगड तिचे शोकाकुल मन घालणारच. तिला अडाणी म्हणणारा माणूस तिला आणखी दूर लोटतो.

27 नोव्हेंबर 2018 पासून महाराष्ट्रात नऊ महिने ते 15 वर्षांच्या मुलांना गोवर-रुबेलाची लस देण्याची मोहीम शाळाशाळांतून सुरू झाली, तेव्हा ह्या इंजेक्शनाने पुढे मुले होत नाहीत असा मजकूर भ्रमणध्वनीवरून सर्वदूर फिरला. त्यामागे एक सामान्य मानसिक सत्य होते: घरी न विचारता शाळेत मुलाच्या दंडात सुई टोचली जाणार, ही कल्पना पालकांना खुपत होती. अशाच मोहिमेच्या संदर्भात दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये पालकांच्या संमतीवाचून लस देता येणार नाही असे बजावले. मला तो निर्णय लसीकरणाला उपकारकच वाटतो. 1877 च्या कायद्याच्या मार्गाने आपण पुरेसे चाललो आहोत. ज्या बापाला कोणी विचारले आणि ज्याने समजून होकार दिला, तो पुढच्या डोसाला आपल्या पायांनी येतो.

आजच्या तरुण आईबापांची एक अडचण त्यांच्या पूर्वजांना नव्हती. घरातील आजीच्या हातावर देवी टोचल्याचे वण असतात आणि देवीने विद्रूप झालेले चेहरे तिने बालपणी पाहिलेले असतात. भारतातून देवीचा रोग 1975 साली गेला, 1980 साली जगातून गेल्याचे जाहीर झाले. भारतातील पोलिओचा शेवटचा रोगी जानेवारी 2011 मधला, आणि 27 मार्च 2014 रोजी आपल्या भूभागाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. घटसर्पाचा करडा पडदा घशात साचून गुदमरणारे मूल पंचविशीतल्या आईने पाहिलेले नाही. रोग दिसेनासा झाला, ताप मात्र दिसतो; तिच्या तराजूच्या एका पारड्यात काहीच उरलेले नाही. अशा वेळी आजीला बोलते करावे. लसीकरणाच्या खोलीत आजीला ‘मागे सरका’ म्हणण्यापेक्षा तिला पुढे बसवून तिच्या लहानपणीच्या साथींची हकिकत सांगावयास लावावी, असे मला मनापासून वाटते.

शेवटी चंदनसारचा खास प्रश्न, म्हणजे बिऱ्हाड बदलण्याचा. अकरा महिन्यांचा भाडेकरार संपला की कुटुंब एका चाळीतून दुसऱ्या चाळीत जाते. बाळंतपणासाठी सून माहेरी, उत्तर प्रदेशात किंवा रत्नागिरीकडे, गेलेली असते आणि पहिले तीन डोस तिकडेच होतात. वीटभट्टीवर जाणारे कातकरी कुटुंब पावसाळा संपता-संपता पाडा सोडते ते उन्हाळा सरल्यावर परतते. माता-बाल संरक्षण कार्ड ह्या धांदलीत हरवते. मग ती आई केंद्रावर यावयास संकोचते, कारण कार्ड नाही म्हणून सर्वांदेखत बोलणी खावी लागतील ही तिला धास्ती. वास्तविक अनुभवी परिचारिका मुलाचा डावा दंड पाहते, बीसीजीचा वण असला तर जन्माच्या वेळची ती लस झाल्याची खातरजमा होते, आणि बाकीचे ती आईच्या आठवणीवरून जुळवते. 2024 पासून देशभर सुरू झालेल्या यू-विन ह्या नोंदप्रणालीत मुलाचे डोस भ्रमणध्वनी क्रमांकावरून कोणत्याही गावी पाहता येतात, पण त्याआधी कोणीतरी ते तेथे भरलेले असावे लागतात, आणि आईचा तो क्रमांक मधल्या काळात बदललेला नसावा लागतो. नव्या भाडेकरूचे कुटुंब चाळीत उतरले की ती बातमी सर्वांआधी चाळमालकाला कळते, मग कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला. वस्तीतील आरोग्य-कार्यकर्ती आशाताई हिची ‘ड्यू लिस्ट’, म्हणजे डोस बाकी असलेल्या मुलांची यादी, ह्या दोघांना विचारून दर महिन्याला नवी झाली तर चंदनसारची निम्मी गळती थांबेल असा माझा कयास आहे.

डोस चुकला म्हणून सगळे पहिल्यापासून करावे लागते, ही समजूतही पुष्कळ आयांना केंद्रापासून दूर ठेवते. तसे काही नाही. जेथे खंड पडला तेथूनच पुढे चालू करतात. बीसीजी एक वर्षाच्या आत केव्हाही देता येते, पंचगुणी लसीचा पहिला डोस पहिला वाढदिवस होईपर्यंत सुरू करता येतो, गोवर-रुबेलाचे राहिलेले डोस पाच वर्षांपर्यंत आणि त्रिगुणी लसीचे सात वर्षांपर्यंत सरकारी केंद्रात विनामूल्य मिळतात. साधी सर्दी असली, जुलाब होत असले, अंगात किरकोळ कणकण असली तरी लस पुढे ढकलण्याचे कारण नसते. कार्ड नसले तर केंद्रावर नवे करून देतात.